आपल्या गल्लीचं नाव काय?



तुम्ही कुठं राहता, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? "मारुतीच्या देवळासमोरच्या बोळात", की "अमुक अमुक मार्ग, घर नंबर इतके"? प्रश्न अगदी साधा आहे. मलाही तो साधाच वाटायचा. गेल्या श्रावणापर्यंत.

श्रावणातल्या एका रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. अंग घामानं भिजलेलं, तोंडातून शब्द फुटेना. बाहेर पाऊस कोसळत होता. मुलानं घाईघाईनं रुग्णवाहिकेला फोन लावला आणि फोन माझ्या हातात देऊन तो डॉक्टरांना उठवायला धावला. पलीकडून विचारलं, "पत्ता सांगा." मी म्हटलं, "कासार आळी." "रस्त्याचं नाव?" "अहो, कासार आळीच. जुन्या विहिरीजवळ." आता ती विहीर बुजवून वीस वर्षं झाली! पलीकडचा माणूस बिचारा नवखा. त्याच्या यादीत कासार आळी नव्हतीच. आळीच्या तोंडाशी नगरपालिकेची निळी पाटी आहे, तिच्यावर एका थोर पुरुषाचं नाव आहे, हे मला माहीत होतं. रोज भाजी आणताना मी त्या पाटीखालूनच येते. पण त्या घटकेला नाव काही आठवेना. ह्यांनी एक नाव सांगितलं, शेजारच्या वहिनींनी दुसरंच. शेवटी मी कपाटातून घरपट्टीची पावती शोधून काढली, तेव्हा पत्ता पुरा झाला. तोवर गाडी भलत्याच रस्त्याला वळली होती. मुलगा भिजत नाक्यावर जाऊन उभा राहिला आणि गाडी घेऊन आला. या सगळ्यात वीस मिनिटं गेली.

सासूबाई वाचल्या, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले ते मी विसरले नाही. "वहिनी, अशा दुखण्यात मिनिटं मोजायची असतात."

दहा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. हा सगळा घोटाळा त्यांच्या कानावर गेलाच होता. म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं या आळीत राहतेस आणि तुला तिचं नाव ठाऊक नाही?"

मी म्हटलं, "आई, तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

तर म्हणतात कशा, "मला आळीचं नाव ठाऊक होतं. पाटीचं नव्हतं!"

हसू आलं, पण बोलणं मनात राहिलं. आळीचं नाव एक आणि पाटीचं नाव दुसरं. दोन्ही नावं आपल्याला ठाऊक हवीत, नि त्यांचा अर्थही ठाऊक हवा. तेव्हापासून मला या रस्त्यांच्या नावांचा नादच लागला म्हणा ना. आज त्याच गप्पा मारू, आणि शेवटी एक छोटंसं कामही करू.

आधी साधे शब्द घेऊ. वाट, रस्ता, मार्ग, पथ. आपण ते एकासारखे एक वापरतो, पण प्रत्येकाचं माहेर वेगळं आहे बरं का!

'वाट' हा आपल्या घरातला शब्द. संस्कृतातल्या 'वर्त्मन्'पासून झिजत झिजत आलेला. म्हणून तर मराठीत सगळं जगणंच वाटेवर चालतं. आपण वाट पाहतो, वाटेकडे डोळे लावून बसतो, कुणाच्या वाटेला जात नाही, आणि दूध उतू गेलं की ओट्याची वाट लागते!

'मार्ग' हा शब्द संस्कृत, भारदस्त. पण त्याचं मूळ पाहाल तर रानात आहे. मृग म्हणजे पूर्वी नुसतं हरीण नव्हे, तर रानातलं कुठलंही जनावर. त्या मृगाचा माग तो मार्ग. 'माग काढणे' यातला आपला 'माग' हेही त्याच मार्गाचं झिजलेलं रूप. आणि आपण ज्या मार्गशीर्षात गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत करतो, त्या महिन्याचं नावही मृगशीर्ष नक्षत्रावरूनच पडलेलं. म्हणजे तिथंही मृग आहेच.

'पथ' या शब्दाची भावंडं तर स्वयंपाकघरात बसलेली आहेत. प्रवासाला बरोबर घ्यायची शिदोरी ते 'पाथेय'. आणि आजाऱ्याचं 'पथ्य' हेही पथावरूनच आलेलं. जे योग्य वाटेला धरून आहे, हिताचं आहे, ते पथ्य. सासूबाईंना आता अळणी जेवण आहे. "काय मेलं हे पथ्य!" म्हणून त्या कुरकुरल्या, तेव्हा मी हा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "अर्थ गोड आहे, भाजीत मात्र मीठ नाही."

'रस्ता' आला फारसीतून. फारसीत 'रास्त' म्हणजे सरळ, योग्य. त्याच घरातला हा शब्द. आपण महिन्याचं रेशन आणतो ते 'रास्त भाव' दुकानातून. तो 'रास्त' आणि हा 'रस्ता' एकाच कुळातले. आता काही रस्ते पाहिले की ते सरळ नाहीत आणि रास्तही नाहीत असं वाटतं, पण शब्दाचा त्यात काय दोष?

'आळी' म्हणजे घरांची ओळ. एकाला एक लागून घरं, समोरासमोर दारं, ती आळी. गल्ली त्याहून सुटी. आणि बोळ म्हणजे समोरून छत्री उघडून कुणी आलं तर आपण छत्री मिटायची, इतका अरुंद.

शहराबाहेर पडलात की आणखी शब्द भेटतात. कोल्हापूर-सातारकडे शेतांच्या बांधांमधून, दोन्ही बाजूंना कुंपण असलेली वाट जाते, ती पाणंद. बैलगाड्या तिच्यातून ये-जा करायच्या. कोकणात चढउतारावर दगड बसवून, पायऱ्या करून केलेली वाट ती पाखाडी. मुंबईला माझगावात माथारपाखाडी नावाची जुनी वस्ती अजून आहे. मुंबई आज कितीही बदलली असली, तरी तिच्या पोटात कोकण आहे, हे त्या नावावरून कळतं. कोकणात तीन वाटा मिळाल्या की तिठा होतो, तर कोल्हापुरात तिकटी. तिथली 'पापाची तिकटी' ऐकून परगावच्या माणसाला दचकायला होतं! चार वाटा मिळाल्या की चौक, नाहीतर चव्हाटा. म्हणून घरातलं भांडण चव्हाट्यावर नेऊ नये म्हणतात. चारी वाटांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना ते ऐकू जातं ना!

परवा हे सगळं जेवताना चाललं होतं, तेव्हा माझ्या एक ध्यानात आलं. वाट, पायवाट, गल्ली, आळी, पाणंद, पाखाडी या सगळ्या 'ती'. आणि रस्ता, मार्ग, पथ, महामार्ग हे सगळे 'तो'. लहान, घराजवळची, पायानं तुडवलेली ती बाईमाणूस. मोठा, रुंद, सरकारी खर्चानं बांधलेला तो पुरुष! मी मोठ्या ऐटीत हे मांडलं. मुलगा लगेच म्हणाला, "आई, बोळ 'तो' आहे आणि सडक 'ती' आहे." म्हटलं, असेल. पण ती सडकसुद्धा आपण बायकांनी सडकसख्याहरींमुळे कधी सुखानं वापरली नाही!

आता नावांकडे येऊ. जुन्या गावातल्या गल्ल्यांची नावं कुठल्या सभेत ठरलेली नसत. तिथं जे पिकायचं, विकायचं, घडायचं, त्यावरून ती आपोआप पडायची. पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे. आपल्या आज्यांचे हंडे, कळश्या, बंब घडवणारे तांबट तिथं राहत. स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं, तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली, तरी तिथं काही घरांतून हातोडीचा ठोका अजून ऐकू येतो. तिथलीच बुरूड आळी म्हणजे सुपं, टोपल्या, परड्या विणणाऱ्यांची. कोल्हापूरची गुजरी म्हणजे सराफांची. तिथं नुसता फेरफटका मारायला गेलं तरी ह्यांना घाम फुटतो! मुंबईला गिरगावात फणसवाडी आहे. 'वाडी' म्हणजे मुळात वाटिका, म्हणजे बाग. आज तिथं फणसाचं पान दिसायचं नाही, पण नाव सांगतं की इथं कधीतरी सावली होती.

पुण्यात तर देवांनाही पत्त्याच्या सोयीसाठी नावं पडली. सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. देवळापुढं पासोड्या विकणारे बसत म्हणून पासोड्या विठोबा, असं सांगतात. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड, हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं. वस्तू गेली, विकणारे गेले, पण विठोबानं नाव सांभाळून ठेवलं.

मात्र नावं फसवतातही बरं का! पुण्याची रास्ता पेठ घ्या. कितीतरी जणींना वाटतं की तिथं मोठा रस्ता असेल, म्हणून रास्ता पेठ. पण तसं नाही. ती पेठ सरदार रास्त्यांच्या नावाची. पेशवाईतलं हे मोठं घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच वाईच्या रास्त्यांच्या लेक. तसाच डेक्कनवरचा प्रभात रस्ता. तिथं सकाळी लवकर ऊन येतं म्हणून ते नाव नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्या स्टुडिओकडे जाणारा तो रस्ता. पुढं त्याच जागेत १९६० साली चित्रपटाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. कंपनी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, रस्त्यावर मात्र प्रभात अजून आहेच.

आणि गोव्यात पणजीला गेलात तर 'अठरा जून रस्ता' या नावाच्या बाजारात खरेदी करालच. रस्त्याला तारखेचं नाव कसं? १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज सरकारची बंदी मोडून सभा घेतली. गोव्याच्या मुक्तीच्या लढ्यात नवी जाग आली ती त्या दिवशी. काजू घेताना, पिशव्या भरताना त्या तारखेची क्षणभर आठवण ठेवायला काय हरकत आहे?

आता माणसांच्या नावांचे रस्ते. इंग्रज गेल्यावर त्यांच्या गव्हर्नरांची, साहेबांची नावं बदलून आपल्या थोर माणसांची नावं दिली गेली, हे योग्यच झालं. मुंबईचा हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजी मार्ग झाला. लॅमिंग्टन रोड डॉ. भडकमकर मार्ग झाला. तरी लोक रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग घ्यायला जातात ते लॅमिंग्टन रोडलाच! तोंडात बसलेलं नाव पाटी बदलली म्हणून बदलत नाही. आणि नवं नाव पुढं आपणच आखूड करून टाकतो. जंगली महाराजांचं 'जे. एम.' होतं, स्वामी विवेकानंदांचं 'एस. व्ही.' होतं. ज्यांचा मान राखायला नाव दिलं, त्यांची दोन इंग्रजी अक्षरं उरतात.

या आखूडपणात एक बाई पार हरवून गेली आहे. तिची गोष्ट सांगते. मुंबईत दादर-माहीमकडे 'एल. जे. रोड' आहे. तुमच्यापैकी किती जणी तिथून बसनं गेल्या असतील! एल. जे. म्हणजे कोण? लेडी जमशेटजी. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी, अवाबाई. त्या काळी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. होडीतून पलीकडे जावं लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. पूल बांधायला सरकार पैसा देईना. तेव्हा अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांची अट अशी की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे दीड लाख म्हणजे किती मोठी रक्कम, याचा तुम्हीच विचार करा. आज त्यावरून रोज अगणित माणसं जातात, आणि 'एल. जे.' या दोन अक्षरांमागं एक बाई आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. पुऱ्या नावातसुद्धा 'जमशेटजी' आहे, 'अवाबाई' नाहीच!

दुसऱ्या एका बाईंची गोष्ट याहून जवळची. चर्चगेटला आपलं महिला विद्यापीठ आहे. धोंडो केशव कर्व्यांनी ते १९१६ साली सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाखांची देणगी दिली आणि आपल्या आईचं नाव दिलं. ते 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' नाव. विद्यापीठ ज्या रस्त्यावर आहे, तो नाथीबाई ठाकरसी मार्ग. त्याच भागात पूर्वीचा क्वीन्स रोड होता, म्हणजे राणीचा रस्ता. तो आज महर्षी कर्वे मार्ग आहे. राणीचं नाव गेलं आणि बायकांना शिकवणाऱ्या अण्णांचं नाव आलं. मला हा बदल फार आवडतो. वरळीला डॉ. ॲनी बेझंट मार्ग आहे, त्या बाई १९१७ साली काँग्रेसच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. पण अशी नावं शोधून काढावी लागतात. तुमच्या गावात एक डोळस फेरी मारा आणि पाट्या वाचा. पुरुषांच्या नावाचे रस्ते किती, आणि देवी सोडून बायकांच्या नावाचे किती, ते मोजा. हाताची बोटं पुरतील.

एक रस्ता मात्र असा आहे की त्यावर कुणाची पाटी असो वा नसो, मला तो सावित्रीबाईंचाच वाटतो. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत शिकवायला जाताना त्याच गल्ल्यांमधून त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, आणि म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडं ठेवत, असं सांगतात. ती बाई त्या वाटेनं मागं फिरली नाही, म्हणून आज तुम्हाआम्हाला पाटी वाचता येते. आणि मी मात्र रोज पाटीखालून जाऊन ती वाचली नाही! त्या रात्री मला याचीच फार लाज वाटली.

आता थोडं अवघड बोलते. जुनी नावं गोड असतात, जपावीत, हे खरं. पण सगळीच नावं गोड नसतात. कासार आळी म्हणताना कुणाची मान खाली जात नाही. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीला लोकांनी जातीचं नाव द्यायचं आणि तिथल्या मुलीनं शाळेच्या अर्जावर पत्ता म्हणून ते नाव लिहायचं, त्यावेळी तिला काय वाटत असेल? वर्गात पत्ता मोठ्यानं वाचला जातो तेव्हा? तिथं नाव हे नाव राहत नाही, ती बोट दाखवण्याची खूण होते. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये अशा जातिवाचक वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. त्याऐवजी समतानगर, क्रांतीनगर यांसारखी नावं सुचवली. कुणी म्हणतात, "नावात काय आहे? जुनं तेच बरं." मला वाटतं, हे ज्यांचा पत्ता कुणाला टोचत नाही त्यांनी म्हणणं सोपं आहे. पाटी बदलली की आपलं बोलणंही बदलायला हवं, नाहीतर पाटी नवी आणि तोंडात जुनंच. मोलकरणीला, भाजीवालीला "कुठून येतेस गं?" असं विचारताना ती सांगेल ते नाव आपण घ्यावं. एवढं तर आपल्या हातात आहे ना?

बरं, आता ते छोटं काम. माझ्यावर आली तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून सांगते. आजच्या आज करा, "उद्या बघू" म्हणू नका.

घरातली घरपट्टीची पावती, विजेचं बिल, रेशनकार्ड आणि आधारकार्ड ही चार कागदपत्रं एका जागी घ्या आणि पत्ते ताडून पाहा. आमच्याकडं चार कागदांवर तीन पत्ते निघाले! एकावर आळी, एकावर मार्ग, एकावर नुसतंच 'विहिरीजवळ'. मग बाहेर जाऊन नाक्यावरची पाटी वाचा आणि अक्षर न् अक्षर उतरवून घ्या.

त्यानंतर एक जाड पुठ्ठा घ्या. त्यावर ठळक अक्षरांत हे लिहा: घर नंबर, इमारतीचं किंवा वाड्याचं नाव, पाटीवरचं रस्त्याचं नाव, लोकांच्या तोंडातलं जुनं नाव, जवळची आज उभी असलेली ठळक खूण, गाव आणि पिनकोड. 'आज उभी असलेली' हे मुद्दाम लिहिते आहे. बुजलेली विहीर, पाडलेलं थिएटर, तोडलेलं पिंपळाचं झाड या खुणा फक्त आपल्या डोक्यात असतात, गाडीवाल्याला दिसत नाहीत. पिनकोडचे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात आहेत, तरी निम्म्या घरांत ते विचारले की "थांबा हं, बघून सांगते" होतं. ते पाठच करा. मोठी गाडी बोळात शिरत नसेल तर ती कुठपर्यंत येते, तेही लिहा. खाली रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे आकडे घाला.

हा पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावा. फोनमध्ये नकाशा असतो हे खरं, पण तो फोन नेमका मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा कॉलेजात. घाबरलेल्या माणसाला लिहिलेलं वाचता येतं, आठवत मात्र नाही. पाहुणी आलेली नणंद, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, शाळेतून आलेलं पोर, कुणीही तो वाचून फोनवर सांगू शकलं पाहिजे. एकदा मुलांकडून सरावही करून घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात, पिशवीत, चंचीत याच मजकुराची छोटी चिठ्ठी ठेवा. वय झालं की घराची वाट आठवते, पण पत्ता आठवत नाही.

आमच्या पुठ्ठ्याची गंमत सांगून थांबते. मी तो लिहायला बसले, तेव्हा सासूबाई पलंगावरून बघत होत्या. मी मार्गाचं नाव आधी लिहिलं. त्या म्हणाल्या, "कासार आळी खाली का? मी नवी नवरी म्हणून आले, त्या दिवशी याच आळीतल्या कासारानं माझा हात हातात घेऊन चुडा भरला. मोठे गृहस्थ असतील ते पाटीवरचे, पण ते काही चुडा भरायला आले नव्हते."

मी म्हटलं, "आई, गाडीवाल्याला आधी पाटीचं नाव लागतं. ते वर राहू दे. आळीचं नाव कंसात नको, ठळक लिहिते."

त्यांना पटलं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि घर कुणाचं म्हणून लिहिलंस?"

मी ह्यांचं नाव लिहिलं होतं. दारावरच्या पाटीवर आहे तसंच. आधी सासऱ्यांचं होतं, मग ह्यांचं.

"रात्री फोन कोण करतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी."

"मग पलीकडचा विचारील, कोण बोलतंय. तुझं नाव लिही. आणि माझंही लिही. दुखणं तर माझंच होतं!"

आता आमच्या दारामागं पुठ्ठा आहे. त्यावर आळीचं नाव आहे, पाटीचं नाव आहे, आणि तीन माणसांची नावं आहेत. पत्ता पुरा झाला असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तुमच्या गल्लीचं नाव कसं पडलं, ते घरातल्या सगळ्यांत वडील बाईला आज विचारा. ती सांगेल ते एका वहीत लिहून ठेवा, कारण ते कुठल्याच पाटीवर सापडायचं नाही. आणि जमलं तर मलाही कळवा. मी वाट पाहते.